भागूबाईच्या हातची सुई

बाळंतपणाच्या दवाखान्यात जन्म काढलेल्या सिस्टरनं लिहायचं म्हणजे पेढ्यांबद्दल लिहायचं, असं सगळ्यांना वाटतं. पेढे मी खाल्ले. इतके खाल्ले, की रिटायर व्हायच्या आतच शुगर लागली आणि आमच्या डॉक्टर मॅडमनीच मला पेढेबंदी केली. पण पेढे वाटणाऱ्या बायका कुणाच्या लक्षात राहतात हो? त्या येतात, ओरडतात, बाळंत होतात, घरी जातात आणि पुढं गुलमंडीवर भेटल्या तर ओळखही देत नाहीत. मला आठवतात त्या दुसऱ्या. ज्यांना दिवस जायचे आणि राहायचे नाहीत. एकदा नाही, दोनदा, तीनदा. त्यांच्यासाठी आमच्याकडं गुरुवारची दुपार वेगळी ठेवलेली होती आणि त्या दुपारची सिस्टर मी होते.

वेगळी दुपार का, तर त्याला कारण घडलं. आमचा दवाखाना औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या बंगल्यात. बसायची खोली एवढीशी. दोन बाकडी समोरासमोर, म्हणजे बसलेल्यांचे गुडघे एकमेकींना लागायचे. एक दिवस एका बाकड्यावर पोट घेऊन बसलेल्या तिघी आणि समोर जिचं दुसऱ्यांदा पोट पडलं होतं अशी एक पोरगी. तिघींतली एक भली बाई. तिनं आपलं प्रेमानं विचारलं, "तुम्हाला कितवा गं?" पोरगी उठली ती थेट गल्लीच्या टोकाला. मी चपला न घालता तिच्या मागं. रिक्षावाल्याला वाटलं, बिल बुडवून पळाली. तिला परत आणलं, पाणी दिलं, आणि संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "निर्मला, ह्या बायका ह्यांच्यासमोर नाही बसवायच्या आता." पुढच्या आठवड्यापासून गुरुवार सुरू झाला.

ह्या कामाला मॅडमनी मला का निवडलं, हे दवाखान्यात कुणालाच कळलं नाही. मला तर मुळीच नाही. माझं तोंड फटकळ. कळा देणाऱ्या बायकांना मी असं बोलायची की त्यांच्या आया माझ्यावर डाफरायच्या. मी मॅडमना तसं म्हणाले पण. त्या म्हणाल्या, "तू खोटा धीर देत नाहीस, म्हणून." आता ह्याला कौतुक म्हणायचं की काय, मी अजून ठरवलेलं नाही.

बाहेरच्यांना वाटतं, अशी बाई दवाखान्यात येते ती मूल मागायला. तसं नसतं. ती आधी उत्तर मागायला येते. माझं का गेलं? आणि घरून ती उत्तरं घेऊनच आलेली असते. हंडा उचलला. पपई खाल्ली. जिना चढली. जाऊबाईची नजर लागली. मनात वाईट आलं. मी मेलीनं त्या दिवशी भांडण केलं. वाळूजच्या कंपनीत असलेला एक नवरा बायकोला बाहेर बसवून एकटा आत आला आणि हळूच मला म्हणाला, "सिस्टर, मी तिला मोटारसायकलवरून आपल्या वाळूजजवळच्या धाकट्या पंढरपूरच्या तिठ्यापर्यंत नेलतं. रस्ता लई खराब हाय. त्यानंच झालं का?" बिचाऱ्यानं तेव्हापासून गाडीला हात लावला नव्हता. शिफ्टची बस पकडायला रोज पायी जायचा. मी म्हणाले, "अहो, खड्ड्यानं पोरं पडली असती तर ह्या शहरात एक जन्मलं नसतं." तो हसला, आणि मग हसतहसतच रडला. बाप्यांना रडायला आमच्याकडं जागा नव्हती, म्हणून मी त्याला औषधांच्या खोलीत उभं केलं.

खरं उत्तर शोधायचं म्हणजे काय, तर रक्ताच्या तपासण्या, नवराबायको दोघांच्या. थायरॉइड, साखर. गर्भाच्या पिशवीचा आकार. काही तपासण्या तेव्हा बाहेरगावी जायच्या आणि रिपोर्ट यायला आठवडेच्या आठवडे लागायचे. आणि इतकं सगळं करून कितीतरी जणींना शेवटी सांगायचं, की बाई, काहीच सापडलं नाही. हे सांगणं मॅडमच्या वाट्याला, आणि ते ऐकून बाहेर आलेल्या बाईसमोर उभं राहणं माझ्या. खोटं वाटेल, पण आजार निघाला तर बायका सुटल्यासारख्या व्हायच्या. काही निघालं नाही, की खचायच्या.

शबाना त्यातली. उर्दू शाळेत मास्तरीण. तिची पाच गेली आणि पाचांचं कारण सापडलं नाही. तिनं नाद सोडला, पण गुरुवार सोडला नाही. शाळा सुटली की यायची, डबा उघडायची आणि नव्या आलेल्या बाईला सरकून जागा द्यायची. "बैठ मा, काइकू खडी है? इधर कोई पूछता नै कितवा महिना." मॅडम जे पाऊण तासात सांगायच्या ते शबाना एका घासात सांगायची. तिला आम्ही काही देऊ शकलो नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर ह्या बाकड्यावर एका गुरुवारी भागूबाई येऊन बसली. नऊवारी, जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी. पैठण रस्त्यावरच्या एका खेड्यातलं मेंढरंवाल्यांचं घर. सोबत सून चंद्रकला, पंचविशीच्या आतली, मान खाली. मुलगा खंडू कळप घेऊन गोदाकाठानं खाली गेलेला, तो चार महिने परत यायचा नव्हता. मी नाव विचारलं तर उत्तर भागूबाईनं दिलं. वय विचारलं, तेही तिनंच. पाळी कधी आली विचारल्यावर तीच तोंड उघडायला लागली, तेव्हा मी म्हणाले, "मावशी, पाळी तुमची विचारत नाही मी."

शबाना फिस्सकन हसली. भागूबाईनं माझ्याकडं असं बघितलं, की आमचं जमणार नाही हे दोघींनाही कळलं.

"हे बघ सिस्टरबाई," ती म्हणाली, "हिची तीन गेली. दोन कच्चीच, एक पाचव्यात. आता एकदा बघायचं. नाय झालं तर हिचीच बारकी बहीण करून आणायची. बोलणं झालंय माझं. घरातलं घरात राहील."

हे सुनेच्या देखत. सून जमिनीकडं बघत होती. नंतर वजन करायला आत नेलं तेव्हा काट्यावर उभ्याउभ्या ती मला म्हणाली, "सिस्टर, सवत आली तर येऊ द्या, म्या सोशीन. पर बारकी नको. तिला म्या कडंवर घेऊन वाढवली. ती सवत झाली तर मला बहीणबी राहायची नाय." मूल हवं असं ती एकदाही म्हणाली नाही.

तपासण्या झाल्या. ह्यावेळी उत्तर सापडलं. चंद्रकलेचं रक्त जरा लवकर गोठायचं. पोटातल्या बाळाचं खाणंपिणं वारेतून जातं, तिथल्या बारीक शिरांत गाठी धरायच्या आणि बाळाला काही पोचायचंच नाही. मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. भागूबाई चष्मा सारून बघत होती.

"म्हंजी पाटाला गाळ बसला," ती म्हणाली. "वरून पाणी सोडलंय, पर शेंड्याच्या रानाला पोचत नाय."

"अगदी तसंच," मॅडम खूष होऊन म्हणाल्या.

"म्हंजी दोष हिचाच."

झालं! उत्तर सापडलं की असंही होतं बघा. इतके दिवस दोष नजरेचा होता, पपईचा होता, आता त्याला रिपोर्ट मिळाला. मॅडम शांतपणे समजावायला लागल्या, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तो काय तुमचा दोष होता? काढला ना? मग हेही औषधानं होतंय. पुन्हा दोष म्हणाल तर तुमचंपण रक्त काढीन."

"काढ की," भागूबाई म्हणाली. "मला काय सुईचं भ्या हाय?"

आणि सुईचीच भानगड होती. औषध साधं: दिवस गेले की एक बारकी गोळी, आणि रोज एक इंजेक्शन, पोटाच्या कातडीत. रोज म्हणजे रोज, बाळंतपण जवळ येईपर्यंत. शहरातल्या बायका स्वतः टोचून घ्यायला शिकायच्या. चंद्रकलेच्या हातात सुई दिली की हात लटलटायचा. गावात दवाखाना नव्हता. सरकारी नर्स आठवड्याला एकदा यायची. नवरा मेंढरांमागं. मॅडम म्हणाल्या, मग शहरात राहायला या. भागूबाई म्हणाली, मग घरची कोकरं कोण बघणार, तू?

मी मोसंबी आणली होती. इंजेक्शन शिकवायला आम्ही मोसंबीच वापरतो, आमच्याकडं तिला तोटा नाही. चंद्रकलेला परत एकदा दाखवत होते, तेवढ्यात भागूबाईनं माझ्या हातातली सुई घेतली, मोसंबी टेबलावर दाबली आणि खच्चून टोचली. "हे काय शिकवतीस? पोरगा रानात असला की घरच्या समद्या कोकरांना म्याच टोचते."

मॅडम बघतच राहिल्या. "हात चांगला आहे हो ह्यांचा," म्हणाल्या.

हात चांगला होता, पण सवय मेंढरांची. पहिल्यांदा खरोखरच्या पोटावर करून दाखवायला सांगितलं, तर म्हातारीनं सुनेचा दंड काखेत दाबला, गुडघा लावला आणि पोटाची कातडी मूठभर ओढली. "अहो मावशी, ती काय उधळून पळणार आहे का? दोन बोटांनी धरा. बेंबीपासून जरा लांब. आज ह्या बाजूला, उद्या त्या. आणि टोचल्यावर चोळायचं नाही."

"चोळायचं नाय? मेंढराला तर चोळावं लागतंय."

"ही मेंढरू नाही."

चंद्रकला तेव्हा पहिल्यांदा हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. भागूबाईला आधी राग आला आणि मग तीही हसली. दात मोजकेच होते.

वर्षभरात दिवस गेले. पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, हा रिवाज भागूबाईनं असा पाळला की चंद्रकलेच्या आईलासुद्धा पत्ता नव्हता. आम्हाला मात्र किराणा दुकानाच्या फोनवरून गुपचूप कळवलं, आणि तेही असं की, "ती आपली मोसंबी चालू केलीय." रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी ती सुई द्यायची. दोघी महिन्याच्या महिन्याला यायच्या. मी पोट उघडून बघायची, निळे डाग बरोबर आळीपाळीनं. चौथा महिना गेला. पाचवा लागला. तिसरं पाचव्यातच गेलं होतं, म्हणून चंद्रकला शबानाचा हात धरून बसायची आणि शबाना तिला डब्यातलं खायला घालायची.

अशात एक दिवस सकाळीच दवाखान्याचा फोन वाजला. पलीकडं चंद्रकला, रडायच्या बेतात. "सिस्टर, आज गिरान हाय. आत्याबाई म्हणत्यात, आज सुई नाय."

मी कपाळावर हात मारला. ग्रहणात पोटुशीनं चिरायचं नाही, शिवायचं नाही, सुईला हात लावायचा नाही, हे तर आमच्या आईनंही पाळलं. सगळ्या तपासण्या, सगळी औषधं मॅडमनी धरली होती, फक्त पंचांग बघायचं राहिलं होतं. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "चार तास आधी दिलं तर चालेल. चुकवायचं मात्र नाही. आणि निर्मला, भांडू नकोस." मी पैठणची एस.टी. पकडली. ग्रहणामुळं गाडी रिकामी. कधी नव्हे ती मला खिडकी मिळाली.

ग्रहणाशी माझं भांडण नाही, हे सांगून ठेवते. त्या निमित्तानं पोटुशी बाई दिवसभर आडवी पडणार असेल, कुणी तिला हंडा उचलायला सांगणार नसेल, तर महिन्यातून दोनदा ग्रहण लागो. मी भागूबाईला तसंच म्हणाले. "तुमचं ग्रहण संध्याकाळी. आत्ता दुपार आहे. आत्ताच टोचून टाका, संध्याकाळी घोंगडी पांघरून बसवा तिला."

"येध लागल्यात," भागूबाई म्हणाली. ओट्यावर पाय पसरून बसली होती, उठली नाही.

"पोटुशीला वेधात सूट असते. लेकुरवाळीला, म्हाताऱ्याला, आजाऱ्याला. माझी आई सांगायची."

"तुझी आई बामणाच्या आळीत ऱ्हायची. हितं नाय सूट."

"मावशी, सहा दिवस औषध दिलं आणि सातव्या दिवशी पाट बंद केला तर चालेल का रानाला?"

माझा आवाज चढायला लागला होता, मॅडम काय म्हणाल्या ते मी विसरले. "तुम्हाला ती बारकी आणायचीच आहे का घरात? तसं असेल तर सरळ सांगा, मी जाते."

भागूबाईनं चष्मा काढला. पदरानं पुसायला लागली, आणि पुसतच राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "गिरानात म्या वाकळ शिवली व्हती."

"कधी?"

"खंडूच्या आदी. चार गेली माझी, त्यातलं पयलं. सातवा व्हता. थंडीचं दिस, वाकळ फाटलेली, सासू झोपली व्हती. म्हणलं दोन टाकं घालावं. आठ दिसांनी झालं ते मेलेलं. सासू म्हणली, तूच टोचून मारलंस. मग पुढची तीन बी गेली. त्या एका सुईनं."

आत दाराआड चंद्रकला उभी होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. म्हातारीनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तिला मेंढरं टोचायला सुई चालायची, पण त्या दिवसापासून कधी धागा ओवला नव्हता. घरातल्या वाकळा शेजारीण शिवायची.

मी तिच्याशेजारी ओट्यावर बसले. म्हणाले, "मावशी, वाकळंच्या टाक्यानं पोटातलं लेकरू मरत नाही. तुम्ही मारलं नाही."

"मग कशानं गेलं?"

"ते मला सांगता यायचं नाही. तेव्हा कुणी तपासलंच नाही तुम्हाला. कदाचित हिच्यासारखंच असेल, कदाचित दुसरं काही. आता कळायचा रस्ता नाही."

खोटं काहीतरी सांगून तिला मोकळं करावं असं फार मनात आलं. पण तिनं मला नीट न्याहाळलं आणि मान हलवली. "खरं बोलतीस तू," म्हणाली. "तोंड वाईट हाय, पर खरं बोलतीस."

मग ती उठली. "तूच टोच. आजच्या दिस माझ्या हातानं नको." मी हात धुतले, सुई दिली. भागूबाई दाराकडं तोंड करून उभी होती आणि सुई निघाल्यावर मला म्हणाली, "चोळू नकोस." येताना एस.टी.त मला रडू आलं. कंडक्टरनं ग्रहणाला भिऊन रडते असं समजून मला देवाचं नाव घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून सुई परत भागूबाईच्या हाती. सातव्या महिन्यात चंद्रकलेची आई लेकीला बाळंतपणाला न्यायला आली, बारकीला सोबत घेऊन. भागूबाईनं तिला दारातूनच परत लावलं. "माहेर राहू दे, सुई कोण देईल? हिचा तर हात लटपटतोय." विहीणबाई रुसून गेल्या. बारकीबद्दल मात्र म्हातारीनं शब्द काढला नाही, हो नाही की नाही नाही. चंद्रकला दर खेपेला मला विचारायची, काय असंल हो आत्याबाईंच्या मनात? मला काय ठाऊक? मी म्हणायची, आधी बाळ होऊ दे.

दिवस भरत आले तशी मॅडमनी सुई थांबवली आणि चंद्रकलेला दवाखान्यात ठेवून घेतलं. खंडू रानातून आला आणि गल्लीत उभा राहिला, कारण आत यायला लाजत होता. भर दुपारी ती बाळंत झाली. मुलगी. बारीकशी, पण आवाज असा, की मॅडम म्हणाल्या, हिला निर्मलाच्या हाताखाली ठेवा.

बाहेर जाऊन सांगायचं काम माझं. ह्या कामात मी मुरलेली. मुलगी झाली म्हटल्यावर पडणारे चेहरे मी आयुष्यभर बघितलेत, आणि इथं तर बारकीचं बोलणं ठरलेलं. भागूबाई बाकड्यावर बसली होती, एकटी. मी पदर खोचला, भांडायच्या पूर्ण तयारीनं समोर उभी राहिले आणि म्हणाले, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आणि आता त्या बारकीचं नाव काढाल तर—"

"कोण बारकी?" भागूबाई म्हणाली. "तिला पावनं बघितलंय म्या, पैठणातलं. तू आदी सांग, रडली का?"

"कोण?"

"पोरगी. रडली का?"

"रडली की. अजून रडतेय."

तिनं काठी घट्ट धरली.

"माझी चार गेली, एक बी रडली नव्हती," ती म्हणाली. मी आत जायला वळले, तर मागून तिचा हात आला आणि पदर धरला. "सिस्टरबाई, दार नको लावू. ऐकू दे."